वर तिचं लुगडं, पोटात माझं

माझ्या नवऱ्याच्या प्रत्येक चित्रावर दुसऱ्या बाईचं लुगडं आहे.

सांगूनच टाकते. आज यांना जाऊन वर्ष झालं.

हे चित्रकार, पण कॅनव्हासवर फार रमले नाहीत. वाकळ शिवायचे. जुन्या लुगड्यांचे थर, वर काजळीनं काढलेली घरं, पळणारी माणसं, आणि सगळीकडून धावदोरा.

माझ्या लग्नाआधी, यांच्या गावात दंगलीत आमच्या लोकांची वस्ती पेटवली होती. त्याच वस्तीतल्या सागरबाईचा नवरा त्यात मारला गेला. चित्रासाठी पहिलं लुगडं तिनं दिलं. टाकाही तिनंच शिकवला.

लातूर नवा जिल्हा झाला, त्या साली माझं लग्न झालं. माहेरचे म्हणायचे, जिल्हा आला अन् पोरगी गेली.

नांदेडला यांच्या घरी आले, तर यांच्या तोंडी एकच.
"सागरबाईचा टाका बघ. मुंग्यांची रांग."

दुष्काळात तर कहर. टँकरशी भांडून मी घागर आणली. यांनी त्यात तिचं लुगडं खळबळलं!
"अहो, पोरं पारोशी हायत."
"खळ निघल्याबिगर काजळी धरत न्हाई गं."

एकदा विचारलंच. "माझं लुगडं कधी लावणार?"
"तुझी पोटात घातलीत की. त्याबिगर वाकळीला वजन येतंय व्हय?"
"पोटातलं कोण बघतंय?"
"वर फक्त ज्यांचं माणूस मारलं, त्यांचं. तुला तिथं यायचंय का?"

मी पुन्हा विचारलं नाही.
जळणं काही थांबलं नाही.

शाळा मला नव्हती. अक्षर अक्षर जुळवत वाचायला शिकले. प्रदर्शनाचा कॅटलॉग अख्खा वाचला. सागरबाईचं नाव होतं. मी 'कलावंताची पत्नी'.

हे गेले आणि शेवटची वाकळ अर्धी राहिली. प्रदर्शनवाले म्हणाले, सागरबाईंकडून पूर्ण करून घ्या.

मागच्या महिन्यात ती आली. थकलीय आता. सुई ओवली आणि माझ्यापुढं धरली.
"वहिनी, बसा."
"माझा नवरा कुणी मारला न्हाई. शुगरनं गेला."
"लुगडं लावा म्हणलं का मी? शिवा म्हणलं."

एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला मी.

संध्याकाळी तिनं माझी बाजू पाहिली.
"टाका वाकडा आलाय की हो. उसवू?"
"हात लावू नका. वाकडा हाय म्हणून दिसतो तरी."

सागरबाई पदर तोंडाला लावून लई हसली. मग मीही.

वाकळ पुरी झाली, अहो. माझं जळणं मात्र तसंच आहे.

श्रद्धांजली घ्या. जशी आहे तशी.