मधेच थांबवलेलं रडणं

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा वाचून हसतो. पांढऱ्या साडीतली बाई, पिंपळाखालचा म्हातारा, अंगाऱ्याने उतरलेला ताप... असल्या गोष्टींवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता आणि आजही नाही. मी मातीचा माणूस. म्हणजे माती तपासण्यातच माझी सगळी नोकरी गेली. काचेच्या नळीत जे उतरत नाही ते माझ्या लेखी नाही, असं मी पोरांना वर्षानुवर्षं ऐकवत आलो. त्यावर बायको विचारते, "मग ते तांड्यावरचं काय?" आणि मी चहा मागतो. किती वर्षं नुसता चहा मागायचा... म्हणून आज लिहायला बसलो.

आमचा तांडा यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजीच्या अलीकडे, डांबरी रस्त्याच्या फाट्यापासून दीडेक मैल आत. आम्ही बंजारा. पणजोबांपर्यंत आमची माणसं बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायची. मग रेल्वे आली, तो धंदा बुडाला आणि आजोबांनी नांगर धरला. १९५६ साली मी सरकारी शिष्यवृत्तीवर स्कॉटलंडला शिकायला गेलो, तेव्हा आमचा जिल्हा मध्यप्रदेशात होता. मी तिकडे असतानाच तो मुंबई राज्यात गेला, आणि ६१च्या दिवाळीनंतर परतलो तेव्हा महाराष्ट्रात होता! तांडा मात्र होता त्याच टेकाडावर होता. वडील मी शाळेत असतानाच वारले होते. घरी याडी होती. आमच्यात आईला याडी म्हणतात. धाकटी बहीण हिरी, तिचं मी जायच्या आधीच राळेगावकडच्या एका तांड्यावर लग्न झालं होतं.

आता आमची एक रीत सांगतो, कारण सगळं तिथेच अडलंय. आमच्यात कोणी फार दिवसांनी घरी आलं, की घरातली बाई त्याच्या गळ्यात पडून रडते. नुसती रडत नाही, सुरात रडते. तू गेल्यावर काय काय झालं, कोणता बैल मेला, कोणाचं लग्न झालं, कोण गेलं, हे सगळं त्या रडण्यात येतं. आलेल्यानेही रडतच उत्तर द्यायचं. मग पाणी आणतात, दोघं चूळ भरतात, आणि त्यानंतर साधं बोलणं सुरू होतं. तोवर माणूस अंगणात उभा असला तरी तो आला असं धरत नाहीत.

मी आलो तो चक्क जीपमधून. तालुक्यातले एक पुढारी धामणगाव स्टेशनवर न्यायला आले होते. तांड्यातला पहिला परदेशी शिकलेला म्हणून हार, बँड, गांधी टोप्या घातलेली मंडळी... याडी गर्दीतून वाट काढत आली, तिने माझ्या गळ्यात हात टाकले आणि सूर लावला. ढवळ्या बैल गेल्याचं सांगून झालं, पडलेल्या गोठ्याचं सांगून झालं, मग तिने हिरीचं नाव घेतलं. मला सगळ्यांसमोर कसंतरी झालं होतं. पाच वर्षं मी अशा लोकांत काढली होती, जे बाप वारला तरी आधी हवेबद्दल बोलतात. मी याडीची पाठ थोपटली, तिचे हात सोडवले आणि म्हणालो, "बस याडी, आलो ना मी आता. रडू नकोस." पुढाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

हिरी वारली होती. बाळंतपणात, मी यायच्या आदल्या वर्षी. मला हे ठाऊक नव्हतं. तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो, कारण मला गोष्ट रंगवायची नाही. याडीला लिहिता येत नव्हतं. तिची पत्रं शेजारच्या गावातला माझा शाळूसोबती वासुदेव लिहायचा. हिरीचं लिहू का, असं त्याने विचारलं तेव्हा याडी नको म्हणाली होती. "तो तिकडं एकटा आहे. तिथं त्याच्या गळ्यात पडाले कोण आहे?" हे मला वासुदेवने फार नंतर सांगितलं.

आणि जे रडण्यात सांगायचं ते चहाच्या कपावर कसं सांगणार? याडीने सांगितल्याशिवाय दुसऱ्या कोणी सांगायचं नाही, आणि याडीचं तर मी मधेच थांबवलेलं. मी विचारायचो, हिरी कधी येणार? कोणी म्हणायचं, वेचणीचे दिवस आहेत. कोणी नुसतं उठून जायचं. तिच्यासाठी आणलेले रंगीत धागे मी कितीदा पेटीतून काढून पाहिले. सासरचे पाठवत नसतील, एक दिवस आपणच जाऊन येऊ, असं मनाशी म्हणायचो.

पण जायला उठवेल तर ना. ते दिवस कसे गेले हे मला आजही धड सांगता येत नाही. सकाळी जाग आली की खाट बोटीसारखी हलल्याचा भास व्हायचा. पांढऱ्याशुभ्र कापसाच्या शेतात उभा राहिलो तर समोरचं सगळं जरा लांब, जरा पुसट वाटायचं. बायका वेचणी करताना बोलत असायच्या, ते पलीकडच्या खोलीतून ऐकू आल्यासारखं यायचं. भाकरीला चव नव्हती. ठेच्याने डोळ्यांत पाणी यायचं, जिभेला मात्र काही कळायचं नाही. बैलाला मी एकदा इंग्रजीत "सॉरी" म्हणालो आणि तांडाभर हशा झाला.

स्कॉटलंडमध्ये मला एकच स्वप्न पडायचं. मी फाट्यावर उतरलोय, खांद्यावर पेटी आहे, दोन्हीकडे पऱ्हाटीला कापूस फुटलाय, आणि मी तांड्याकडे चालत निघालोय. पोचायच्या आत दर वेळी जाग यायची. आता पोचलो होतो, तर जागंच झाल्यासारखं वाटत नव्हतं!

सगळ्यात जिव्हारी लागायची ती याडी. ती मला पाहुण्यासारखं वागवायची. आधी मला वाढायची, ताटापासून लांब बसायची, आणि मला "तुमी" म्हणायची. आमच्या घरात आम्ही आमच्या बोलीत बोलायचो, इथे ते बोलणं सगळ्यांच्या सोयीसाठी वऱ्हाडीत लिहितोय. पण त्या बोलीतही ते आदराचं बोलणं परक्यासाठीच असतं. मी एकदा चिडून विचारलं, याडी, मी तुझा मुलगा आहे ना? ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "माहा पोरगा यायचा आहे अजून." मला वाटलं, म्हातारीचं काहीतरी बिनसलंय.

मग वासुदेव भांडायला आला.

"लेका, तिकडं जाऊन माणूस बहिरा होते काय? दोनदा आवाज देल्ला तुले."

मी म्हणालो, मी तर दिवसभर घरीच आहे. तो ऐकेना. फाट्यावर, भर दुपारी, काळा कोट घालून, पेटी खांद्यावर घेऊन मी चाललो होतो म्हणे. "मले फकस्त इचारलं, याडी घरी आहे का? अन् चालाले लागला." वासुदेव दारू पीत नाही आणि थट्टा तर त्याला आयुष्यात कधी जमली नाही. तरी मी हसण्यावारी नेलं. पुढे काही दिवसांनी त्याच्या शेतात वेचणीला येणाऱ्या एका बाईने तेच सांगितलं. तिला मी बांधावर बसलेला दिसलो, बूट काढून पाय चोळत. तेव्हा मी तांड्यावर दाढी करत होतो. मी वासुदेवला समजावलं, कोणीतरी दुसरा असेल, उन्हात माणसाला काय वाटेल ते दिसतं. शास्त्र शिकलेल्या माणसाकडे उत्तरं तयारच असतात.

त्यानंतर खुद्द नायक बोलले. नायक म्हणजे तांड्याचे प्रमुख, नात्याने माझे काका. त्यांना म्हणे मी नाल्यापाशी भेटलो होतो. फाट्यापेक्षा शेत जवळ, शेतापेक्षा नाला जवळ... हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं आणि आवडलं नाही. मी चेष्टेने म्हणालो, मग बोलावून का नाही आणलंत काका?

"त्याले सावली होती, भेव नाही," ते म्हणाले. "थकून राह्यलं लेकरू. पण याडीनं घेतल्याबिगर तो कसा येईन?"

त्या रात्री मी ठरवलं, इथून निघायचं. दिल्लीला एका संशोधन संस्थेत जागा मिळत होती. हे घर आता माझं नाही, ही बाई मला मुलगा मानत नाही, माणसं वेड्यासारखं बोलतात, आणि मला स्वतःला धड जागही येत नाही. पुन्हा यायचं नाही असंच मनात होतं. याडीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "जा. पाहुण्याले कोण थांबवते?" मला फार वाईट वाटलं. घशात आलेलं रडू मी गिळलं. तोवर ते मला चांगलं जमायला लागलं होतं.

जायच्या दिवशी दुपारची एसटी होती. पेटी भरून मी ती वरून दोरखंडाने आवळून घरात ठेवली. तिकडच्या चिखलात माती गोळा करायला घेतलेले जाड बूट आणि काळा कोट मी तळाशी घातले होते. इथे ते घालून कोण हिंडणार? सदरा-पायजम्यात, अनवाणी, अंगणातल्या खाटेवर बसलो होतो. वासुदेव मला सोडायला बैलबंडी घेऊन आला. आमचं बोलणंही झालं, बैलांना पाणी दाखवून निघू असं. याडी कडुनिंबाखाली कापसातला काडीकचरा निवडत होती. ऊन पडलं होतं, पण कोवळ्यासारखं वाटत होतं. वाराही पडलेला.

याडीने मान वर केली. रस्त्याकडे पाहिलं. मांडीवरचा कापूस तसाच खाली सोडून ती उठली आणि चालायला लागली. आधी हळू, मग भराभर. चालता चालताच तिने सूर लावला.

मी तिकडे पाहिलं. तांड्याच्या तोंडाशी मोहाचं झाड आहे, त्याच्याखाली एक माणूस उभा होता. खांद्यावर पेटी, अंगात काळा कोट. चेहरा दिसला नाही, ऊन त्याच्या मागून येत होतं. भीती मला मुळीच वाटली नाही, हे आवर्जून सांगतो. उलट एकदम फार दमल्यासारखं वाटलं. डोळे जड झाले. खाटेवरून उठावं म्हणून मी हात टेकला...

...आणि मी मोहाखाली उभा होतो. याडीचे हात माझ्या गळ्यात होते. खांदा ठणकत होता, तोंडाला कोरड पडली होती, आणि मोहाच्या पानांचा, याडीच्या ओढणीचा, धुळीचा वास अचानक इतक्या जोरात आला की मला भोवळ आली. कितीतरी दिवसांत मला कसला वासच आला नव्हता. याडी रडत होती. ढवळ्या गेला, गोठा पडला, आणि मग हिरी. हिरीला कळा कशा लागल्या, बैलबंडी नाल्यात कशी अडली, शेवटी तिने भाऊ कधी येणार असं कसं विचारलं... सगळं. यावेळी मी तिला थांबवलं नाही. मी रडलो. मोठ्याने, सुरात रडलो. तो सूर मला कोणी कधी शिकवला नव्हता. काय म्हणालो ते आठवत नाही. तांड्यावरच्या बायका येऊन भोवती बसल्या आणि त्याही रडायला लागल्या. शेवटी नायकांच्या घरून पाणी आलं, आम्ही दोघांनी चूळ भरली. याडीने पदराने माझं तोंड पुसलं आणि म्हणाली, "किती वाळला रे तू."

वासुदेव बंडीजवळ पांढराफटक पडून उभा होता. तो म्हणाला, मी खाटेवर होतो, त्याच्याशी बोलत होतो. त्याने बैलांकडे तोंड वळवलं आणि परत पाहिलं, तर खाट रिकामी आणि मी तिकडे मोहाखाली. तेवढ्या वेळात तिथवर धावतही कोणी पोचलं नसतं. मग त्याने माझ्या पायांकडे बोट केलं.

पायांत ते जाड बूट होते, घोट्यापर्यंत धुळीने माखलेले. अंगात काळा कोट होता. खांद्यावर पेटी मात्र नव्हती. घरात पेटी होती तशीच होती, गाठसुद्धा मीच मारलेली. ती आम्ही दोघांनी मिळून सोडली. कपडे, पुस्तकं, हिरीचे धागे, सगळं जागच्या जागी होतं. तळाशी बूट आणि कोट तेवढे नव्हते.

मी दिल्लीला गेलो नाही. त्या संध्याकाळी भाकरी खाल्ली आणि ती भाकरीसारखी लागली. दुसऱ्या दिवशी याडीने मला पायाने ढोसून उठवलं. "ऊठ ना, बैल काय तुह्या काकानं सोडाचे?" पुढे यवतमाळलाच शेतकी खात्यात चिकटलो, तिथेच निवृत्त झालो. राळेगावच्या बाजूला हिरीच्या तांड्यावर गेलो, तिला माती दिली ती जागा पाहिली. तिच्या मागे राहिलेली पोर आता आजी झालीय.

मी खूप डोकं खाजवलंय. झोपेत चालत गेलो म्हणावं तर भर दुपारी, वासुदेवच्या डोळ्यांदेखत? बूट आधीच बाहेर काढून ठेवले आणि विसरलो म्हणावं, तर ज्यांना मी आधी वाटेत भेटलो त्यांचं काय? माझ्याकडे उत्तर नाही. कोणाकडे असलं तर जरूर कळवा, मी वाद घालणार नाही.

याडी जायच्या आधी एकदाच मी हा विषय काढला. ती खाटेवर पडून होती, मी पाय चेपत होतो. विचारलं, याडी, खरं सांग, त्या दिवशी तू गळ्यात कोणाला घेतलंस? रस्त्याने आला त्याला की खाटेवर बसला होता त्याला?

तिने डोळे उघडले नाहीत.

"मले काय माहीत बाप्पा," ती म्हणाली. "माह्या गळ्यात पडून जो रडला, तो माहा."