चार नंबरच्या डॉकवरचा कॅमेरा

गोदामात माल फार दिवस राहत नाही. आला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कंटेनरमध्ये बसून निघून जातो. किस्से मात्र कुणी डिस्पॅच करत नाही. ते इथंच साठतात, चहाच्या टेबलापाशी मुरतात, आणि नवा माणूस कामाला लागला की त्याच्या पुढ्यात एकेक उघडले जातात. मी शिरूरच्या बाहेर, नगर रस्त्याला लागून असलेल्या एका गोदामात शिफ्ट सुपरवायझर आहे. माझ्याकडे भरपूर स्टॉक आहे. त्यातला एकट्या कॅमेऱ्याचाच आज काढतो.

आधी कॅमेरा का आला ते सांगायला पाहिजे, आणि ते काही हसण्यासारखं नाही.

डॉक म्हणजे आमच्या गोदामाचा उंच ओटा. कंटेनर मागे येऊन त्याला टेकतो, मधे लोखंडी पाटा टाकतात, आणि फोर्कलिफ्ट माल घेऊन थेट कंटेनरच्या पोटात शिरते. माल भरून झाला की तुकाराम आप्पा खाली उतरून कंटेनरच्या पत्र्यावर दोन थापा मारायचे. दोन थापा म्हणजे निघा. एकदा आप्पांनी तीन नंबरच्या कंटेनरला थापा मारल्या आणि निघाला चार नंबरचा. त्याच्या पाट्यावर तेव्हा रेखा होती. फोर्कलिफ्ट पाट्यासकट खाली गेली आणि रेखाचा पाय मोडला.

रेखा मांडवगण फराट्याची. आमच्याकडची सगळ्यात सफाईदार फोर्कलिफ्ट ऑपरेटर. पाय बरा होऊन ती कामावर आली, पण आतल्या रॅकपाशी. कंटेनरमध्ये जायला तिच्या सासूबाईंची बंदी होती. "आत गेलीस तर नोकरी सोडायची," असं हिराबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं. रेखा मला म्हणायची, "भाऊ, रॅकपाशी काम म्हंजी सैपाकघरात गाडी चालवल्यागत हाय. मला डॉक पायजे."

आणि आप्पा? आप्पांनी त्या दिवसापासून हात खिशात घातले ते बाहेर काढलेच नाहीत.

म्हणून चार नंबरच्या डॉकवर ट्रायलसाठी कॅमेरा लागला. हा फोटो काढत नाही, अंतर मोजतो. कंटेनर नीट टेकला की दिवा हिरवा. कंटेनर जरा जरी सरकला की दिवा लाल आणि भोंगा. ट्रायल जमली तर सगळ्या डॉकना लागणार. नाही जमली तर खोलून आमच्या कासुर्डीच्या गोदामात नेणार. तिथला मॅनेजर तर कॅमेरा लागला त्या दिवसापासून फोन करून विचारत होता, "बिघडला का?"

रेखा सासूबाईंना आत्या म्हणते. तिचं म्हणणं एकच होतं. "त्यो टिकला, की मी आत्यांना आणून दाखवते."

* * *

कॅमेरा लागला तशी डॉकवर भीती पसरली. आता तंबाखू मळताना पकडणार, बसलेलं पकडणार. पुण्याहून आलेला इंजिनियर चिन्मय, पोरगा भला होता, त्याने सगळ्यांना स्क्रीन दाखवली. स्क्रीनवर चेहरे नाहीतच. जवळचं लाल, लांबचं निळं, मधलं पिवळं. माणूस म्हणजे नुसता रंगीत डाग.

"म्हंजी कोण हाय ते कळतच न्हाई?" आमच्या सोमनाथने विचारलं.

"नाही. फक्त किती लांब आहे ते कळतं."

सोमनाथने तिथंच पुडी काढली.

आमच्या मॅनेजर साहेबांना एक सवय होती. यार्डातून गुपचूप चालत यायचं आणि लोक काय करतायत ते बघायचं. कॅमेरा लागल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण पोचतो तेव्हा सगळे मान खाली घालून कामात असतात. कुणी बसलेलं नाही, कुणी चहा पीत नाही. त्यांना वाटलं, शिस्त आली. मीटिंगमध्ये कौतुकही केलं.

पण रोजच तसं दिसायला लागल्यावर त्यांना शंका आली. शेवटी एक दिवस त्यांनी स्क्रीनसमोरच ठिय्या दिला आणि यार्डातून ड्रायव्हर लोकांना एकेक करून यायला लावलं. सगळे आधी निळे, मग पिवळे, मग लाल. मग साहेब स्वतः बाहेर गेले आणि सोमनाथला म्हणाले, "आता बघून सांग, मी कसा दिसतो."

सोमनाथ प्रामाणिक माणूस. म्हणाला, "साहेब, बाकीचे समदे एकदम लाल होतात. तुमचं आधी पोट लाल होतं, मग मागनं तुम्ही येता."

तेव्हापासून साहेब डॉककडे येताना श्वास आत ओढून येतात.

* * *

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या यंत्रांची पूजा असते. फोर्कलिफ्ट धुवायच्या, वजनकाट्याला हळदकुंकू, पॅलेट ट्रॉलीला झेंडू. रेखाच्या घरचा झेंडू असतो, त्यामुळे काटकसर नाही. पूजा आप्पांकडे. एवढ्यापुरते त्यांचे हात खिशातून बाहेर येतात.

त्या सकाळी पहिला कंटेनर अजून गेटवरच होता आणि चार नंबरचा भोंगा सुरू झाला. थांबेना. मी चिन्मयला फोन लावला. त्याने पुण्यात बसून लॅपटॉपवर बघितलं.

"सर, कंटेनर लेन्सला चिकटलाय."

"कंटेनर गेटवर आहे. ड्रायव्हर पोहे खातोय."

"मग समोर काहीतरी आहे. केशरी आहे का काही?"

मी वर बघितलं. कॅमेऱ्याच्या तोंडासमोर मनगटाएवढा जाड झेंडूचा हार आणि काचेवर मधोमध कुंकवाचा टिळा.

"आप्पा, हार काढा," मी म्हणालो.

"सणाच्या दिवशी गळ्यातला हार काढायचा? तुमच्या गळ्यातला काढला असता का?"

फोन स्पीकरवर होता. चिन्मय म्हणाला, "आप्पा, पण तो त्याचा गळा नाहीये. ते त्याचं तोंड आहे."

आप्पा चपापले. देवाच्या तोंडावर हार बांधल्यासारखं झालं. "मंग गळा कुठं हाय ते दाव. आन् कपाळ बी."

चिन्मयने बिचाऱ्याने कॅमेऱ्याच्या फोटोवर बाण काढून पाठवले. मागच्या क्लॅम्पला गळा, वरच्या पत्र्याला कपाळ. आप्पांनी काच पुसली, हार मागे सरकवला, टिळा वर लावला आणि शिडीवरून उतरून हात जोडले. भोंगा थांबला. चिन्मयच्या कंपनीच्या माहितीपत्रकात आता खरंच एक ओळ आहे, सणाला हार कुठे घालावा त्याची.

* * *

आमच्या यार्डातून आबांची वाट जाते. जमीन घेतानाच तसं ठरलं होतं. शेजारी त्यांचं शेत आहे, ते ट्रॅक्टर घेऊन मधूनच जातात आणि जाता जाता आमचा चहा पितात. एके दुपारी ऊन रणरणत होतं. आबांनी कडब्याने शिगोशीग भरलेली ट्रॉली सावलीसाठी मागे घेतली आणि चार नंबरच्या शेडखाली अगदी ओट्याला टेकवून लावली. चाळीस वर्षं ट्रॅक्टर चालवणारा माणूस, काटकोनात लावली.

कॅमेऱ्याने बघितलं. रुंदी बरोबर, उंची बरोबर, ओट्याला टेकलेलं, हलत नाही. दिवा हिरवा.

मी ऑफिसात होतो. सोमनाथचा फोन आला. "भाऊ, दिवा हिरवा हाय."

"मग भर की."

"भरतोय. पण समोर कडबा हाय."

मी पळत गेलो. दुबईला जाणाऱ्या कांदा पावडरची खोकी, पॅलेटच्या पॅलेट, सोमनाथने नीट कडब्याला टेकवून पाट्यावर मांडायला घेतली होती. आबा ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून चहा पीत होते.

"आबा, तुम्ही काहीच बोलला नाही?"

"पोरं कामात होती. म्हटलं, देतायत तर घ्यावं."

सोमनाथला विचारलं तर तो म्हणाला, "दिवा हिरवा असताना आपलं डोकं लावायचं न्हाई, असं तुम्हीच ट्रेनिंगला सांगितलंय." सांगितलं होतं खरं. त्यानंतर चिन्मयने कॅमेऱ्याला कडबा शिकवला. आबांनी त्यासाठी ट्रॉली पुन्हा पुन्हा मागे-पुढे करून दिली आणि प्रत्येक वेळी चहा घेतला.

संध्याकाळी कासुर्डीहून फोन. "तुमचा कॅमेरा कडबा भरतो म्हणे. आम्हाला चालेल, पाठवून द्या."

रेखा त्या दिवशी डबा न खाताच घरी गेली. मला फार वाईट वाटलं.

* * *

रामसजीवन नावाचा एक ड्रायव्हर होता, गोरखपूरकडचा. त्याला नवाकोरा कंटेनर मिळाला होता. पठ्ठ्याने त्याची मागची दारं तेल लावून लावून अशी चमकवली होती की समोर उभं राहून भांग पाडावा. कॅमेऱ्याचं एक दुखणं आहे. फार चकचकीत वस्तू त्याला दिसत नाही, उजेड भलतीकडेच उडून जातो. रामसजीवन टेकला तरी दिवा लालच.

"गाड़ी सामने खड़ी है साहब. दिखती नहीं क्या?"

"मला दिसते. त्याला दिसत नाही."

"तो चश्मा बनवा दो उसका."

उपाय एकच होता. आप्पांनी खिशातले हात काढले, घमेल्यात माती कालवली आणि दारांवर हात फिरवायला घेतला. रामसजीवन तोंड फिरवून उभा राहिला. दिवा हिरवा झाला. माल भरला, कंटेनर निघाला, आणि गेटच्या बाहेर बाभळीखाली जाऊन थांबला. तिथं तो फडकं घेऊन दारं पुसत बसलेला आम्हाला दिसत होता. पुढच्या खेपेला येताना मात्र शहाण्याने एक दार चमकवलं आणि एक तसंच ठेवलं. म्हणाला, "एक मेरे लिए, एक उसके लिए."

* * *

आता शेवटचा.

ट्रायल संपली. कॅमेरा ठेवायचा की कासुर्डीला न्यायचा हे ठरवायला हेड ऑफिसचे मोठे साहेब आले, बरोबर तीन-चार जण. नेमकं त्याच दिवशी रेखा हिराबाईंना घेऊन आली. मी म्हटलं, अगं आजच का? तर म्हणाली, "आज न्हाई दावला तर उद्या असंल का नसंल?"

हिराबाई डोक्यावर पदर, हातात डबा, एका पॅलेटवर टेकल्या. चार नंबरला कंटेनर लागला होता, दिवा हिरवा होता. चिन्मयने लॅपटॉप उघडून साहेबांना सगळं समजावलं. चुका किती होत्या, त्या कशा कमी झाल्या. मोठे साहेब ओठ मुडपून ऐकत होते. कडब्याचा विषय निघाला तेव्हा त्यांनी घड्याळाकडे बघितलं. रेखाचा चेहरा उतरला.

हिराबाईंनी मधेच विचारलं, "बाळा, ह्यो दिवा खोटं बोलला तर?"

"बोलणार नाही, आजी. आता एकदम सेफ आहे," चिन्मय म्हणाला.

"तुमचं बी तसंच म्हणणं हाय का?" हा प्रश्न थेट मोठ्या साहेबांना.

मोठे साहेब हसले. "हो आजी, सेफ आहे. प्रश्न फक्त खर्चाचा आहे."

"मंग आत बसा."

"म्हणजे?"

"कंटेनरात बसा. समदे. रेखाला बी बसू द्या गाडीसकट. मी ड्रायव्हरला गाडी पुढं घ्यायला सांगते. काय होतं ते मला बघायचंय."

नुकतंच सेफ म्हणून झालं होतं. आता नाही कसं म्हणणार? मोठे साहेब आत गेले, मागोमाग बाकीचे, मॅनेजर साहेब श्वास ओढून, चिन्मय लॅपटॉप पोटाशी धरून. रेखाने कितीतरी महिन्यांनी पाट्यावरून फोर्कलिफ्ट आत घातली. मी गुपचूप खाली उतरून चाकांपुढे थोडी जागा सोडून लाकडी ओंडके लावले. आप्पा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

हिराबाई ओट्याच्या कडेला गेल्या आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "घे रे बाबा पुढं."

कंटेनर चार बोटं सरकला. दिवा लाल झाला आणि भोंगा असा कडाडला की गेटवरची कुत्री पळाली. ड्रायव्हरने जागच्या जागी ब्रेक मारला.

एवढ्यात आतून मोठे साहेब बाहेर. त्यांच्यामागे हेड ऑफिस. मॅनेजर साहेब पोट सांभाळत पाट्यावरून उडी मारून थेट खोक्यांवर. चिन्मय, ज्याने तो कॅमेरा बनवला, तो सगळ्यांच्या पुढे होता. मोठ्या साहेबांचा एक बूट आतच राहिला.

आत फक्त रेखा. फोर्कलिफ्टवर, हात स्टेअरिंगवर. तिने दिव्याकडे बघितलं, पाट्याकडे बघितलं आणि म्हणाली, "थांबला की, आत्या."

हिराबाईंनी एकेकाकडे नीट बघून घेतलं. धापा टाकणारे साहेब, खोक्यांवरचे मॅनेजर, लॅपटॉपवाला चिन्मय. मग मान वर करून कॅमेऱ्याकडे बघितलं.

"समदे पळाले," त्या मोठ्या साहेबांना म्हणाल्या. "त्यो एकटा जागचा हलला न्हाई. त्याला हितंच ठिवा. बाकीचे कासुर्डीला न्या."