कड्या कापलेली सायकल

आमच्या घरी सायकल मागच्या बाजूने बघतात. मी शाळेत असताना बाबांनी नवी सायकल घेतली तेव्हा मी सोबत होते. दुकानात बाकीची गिऱ्हाइकं रंग बघत होती, घंटी वाजवून बघत होती. बाबा सरळ मागच्या चाकाशी उकिडवे बसले. आरे बोटांनी दाबले, कॅरियरला दोन्ही हातांनी धरून हिसका दिला आणि अंगाने चांगल्या भरलेल्या दुकानदाराला म्हणाले, "शेट, जरा बसा यावर."

"मी?"

"तुम्हीच. माझ्या टोपल्या तुमच्याएवढ्याच भरतात."

शेट हसत बसला. कॅरियर कुरकुरलं. ती सायकल नापास. दुसरीचं कुरकुरलं नाही, ती घरी आली. रंग कोणता घेतलात, असं आईने विचारलं तेव्हा बाबांनी मागे वळून बघितलं आणि मग सांगितलं.

आमची वाडी वसईतल्या निर्मळला. केळी आहेत, थोडी भाजी आहे, पण घर चाललं ते फुलांवर: सोनचाफा, मोगरा, जास्वंद. जास्वंदीची कळी कुणाची वाट बघत नाही. पहाटे खुडायची, केळीच्या ओल्या पानात गुंडाळायची, टोपलीत भरायची आणि ऊन चढायच्या आत दादरच्या बाजारात न्यायची. वाडीपासून स्टेशनपर्यंतचा रस्ता सायकलचा. म्हणून त्या सायकलवर जे जे चढलं ते फुलांच्या हिशेबाने चढलं. कॅरियरच्या दोन्ही अंगांना वेल्डरकडून लोखंडी कड्या लावून घेतल्या होत्या. त्या वीतभर बाहेर यायच्या आणि प्रत्येकीत एक टोपली बसायची, म्हणजे टोपलीवर टोपली रचून खालची फुलं चेपायला नकोत. स्टँड दोन पायांचं, रुंद. एका पायाच्या स्टँडवर सायकल कलते, आणि एका बाजूची टोपली भरून दुसरी भरायला घेतली की सगळं मुसळ केरात. ब्रेक दांड्यांचे, कारण तारेचे ब्रेक आमच्या खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात गंजून बसतात. बांधायला ट्रकच्या जुन्या ट्यूबमधून कापलेली रबरी पट्टी. घंटी इतकी कर्कश की गिरीजच्या वळणावर कुत्री आधीच बाजूला व्हायची.

वाडीच्या दारात दलालाचा टेम्पो यायचा. आजूबाजूच्या बऱ्याच वाड्यांची फुलं त्यातून जायची आणि दलाल सांगेल तो भाव. बाबा टेम्पोला फुलं देत नसत. "माझं फूल मी विकणार," म्हणायचे. "गिऱ्हाइकाला नाक मुरडायचं तर माझ्या तोंडासमोर मुरडू दे." ती सायकल होती म्हणून त्यांना असं म्हणता येत होतं. एवढं लक्षात ठेवा.

कॉलेज संपल्यावर मी संघटनेत गेले. वसईतली झाडं, विहिरी आणि रस्ते यांच्यासाठी भांडणारी मंडळी. गावातली थोडी, नव्या इमारतींतली बरीच. मी पत्रकं लिहायचे. गुलाबी कागद, ठळक मथळा, शेवटी 'आता तरी जागे व्हा'. त्यातलं एक पत्रक रोजच्या सायकलबद्दल होतं. शहरात रोज चालवायची सायकल शर्यतीची नसते, असं मी लिहिलं. तिला मडगार्ड हवं, कारण इथे चार महिने चिखल असतो. चेनकव्हर हवं, कारण आपण कामावर धड कपडे घालून जातो. कॅरियर हवं, कारण घरी परतणारा माणूस रिकाम्या हाताने परतत नाही. बायकांच्या सायकलला मागच्या चाकावर जाळी हवी, नाहीतर ओढणी चाकात जाते आणि बाई रस्त्यावर येते. दिवा हवाच, डायनामोने पॅडल जड होतं ते होऊ द्या.

पत्रक वाचून आमचे सेक्रेटरी हसले. स्टेशनजवळच्या कॉम्प्लेक्समध्ये त्यांचा फ्लॅट, मुंबईत नोकरी.

"मॅडम, ही तर दुधवाल्याची सायकल झाली. थोडं मॉडर्न लिहा ना. पब्लिक ॲट्रॅक्ट झालं पाहिजे."

"पब्लिकला दूध लागत नाही का?"

"तुम्ही ना, फारच सिरीयसली घेता."

त्यांनी स्वतः गिअरची घेतली होती. मडगार्ड नाही, कॅरियर नाही, घंटीसुद्धा नाही. पाण्याची बाटली अडकवायची सोय मात्र होती. पावसाळ्यात ते मीटिंगला यायचे तेव्हा कमरेपासून मानेपर्यंत चिखलाची सरळ रेघ ओढलेली असायची आणि जेवणाचा डबा हँडलला लोंबत असायचा. "साहेब, शेपूट फुटलंय," असं मी एकदा म्हणाले. बाकीचे हसले, ते हसले नाहीत. पत्रक दुसऱ्यांदा छापलं तेव्हा त्यातलं कॅरियरचं वाक्य गळलं. जागा कमी पडली म्हणे.

तेव्हा स्टेशनाबाहेर सगळ्या सायकली कुंपणाला टेकून उभ्या असायच्या. कुणाचा वाल्व्ह जायचा, कुणाची सीट जायची. रिक्षावाले ढकलून ढकलून जागा करायचे, आणि परत यावं तर आपली सायकल ढिगाच्या तळाशी. आम्ही छप्पर असलेलं सायकल स्टँड मागितलं. सह्या, निवेदनं, धरणं, सगळं झालं. निर्मळमधली पहिली सही बाबांची. "सीट तापते बाय उन्हात," ते म्हणाले, "तेवढं वाचलं तरी पुष्कळ." आणि काय आश्चर्य, स्टँड मंजूर झालं. आमच्या चळवळीला सहसा काही मिळत नाही. मिळालं तेव्हा मंडळी इतकी हरखली की काय मिळतंय ते कुणी नीट बघेना.

जागेची पाहणी करायला इंजिनीअर आले. त्यांनी विचारलं, "एका सायकलला रुंदी किती धरू?" सेक्रेटरींनी पुढे होऊन आपली सायकल उभी केली. टेप लागली.

मी म्हणाले, "साहेब, कुंपणाला त्या बघा, फुलांच्या आहेत, दुधाच्या आहेत, पाववाल्याची आहे. त्यातली एक मोजा."

"अपवादावरून माप काढत नाहीत मॅडम," सेक्रेटरी म्हणाले.

"अपवाद? तुमचं कॉम्प्लेक्स भातशेती होतं तेव्हापासून त्या इथे लागतात."

इंजिनीअरने घड्याळ बघितलं. आमचे अध्यक्ष निवृत्त मास्तर, सगळ्यांशी गोड. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बेटा, आत्ता खोडा नको. एकदा उभं तर राहू दे, मग बघू." या देशात 'मग बघू' म्हणून जे जे पुढे ढकललं गेलंय त्याचं कुणीतरी एकदा संग्रहालय काढावं. आमच्या स्टँडला त्यात दारातच जागा मिळेल.

उद्घाटनाला तोरणाची फुलं बाबांनी दिली. सेक्रेटरींना बाबाही हवे होते. "अस्सल वसईकर, फुलांच्या टोपल्या, सायकल. फोटो मस्त येईल." बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. सायकल त्यांनी आदल्या दिवशीच घासूनपुसून ठेवली होती, आरेसुद्धा चमकत होते. फीत कापली गेली, टाळ्या झाल्या, आणि पहिली सायकल आत लावायचा मान बाबांना मिळाला.

स्टँडात लोखंडी गज रोवलेले होते. दोन गजांमध्ये पुढचं चाक सारायचं, अशी व्यवस्था. बाबांनी चाक सारलं. चाक गेलं. दोन्ही अंगांच्या टोपल्या शेजारी फोटोसाठी आधीच लावून ठेवलेल्या सायकलींना अडकल्या. बाबांनी शांतपणे टोपल्या उतरवून खाली ठेवल्या आणि पुन्हा सारलं. आता कड्या अडकल्या. मागे फोटोवाला कॅमेरा डोळ्याला लावून थांबला होता. बाबांनी सायकल थोडी मागे घेतली, थोडी तिरकी केली, पुन्हा सारली. सरकारी कचेरीत चुकीच्या खिडकीशी उभ्या राहिलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"काका, असू दे," सेक्रेटरी म्हणाले. "फोटोपुरती बाहेर लावा. तिरकी."

बाबांनी लावली. संघटनेच्या कचेरीत तो फोटो अजून आहे. फुलं छान आलीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे स्टँडवाल्याने बाबांना दारातच अडवलं. "चाचा, ये नहीं चलेगी. दो का जगह खाती है."

"मग दोघांचे पैसे घे."

"रूल नहीं है."

कुंपणाला लावावी, तर स्टँड झाल्यामुळे कुंपणाशी सायकली लावायला बंदी. रस्ता मोकळा ठेवा ही आमचीच मागणी होती, निवेदनात स्वच्छ शब्दांत होती. आता बोला. बाबांनी तरीही लावली, गाडी पकडायची होती ना. दुपारी परत आले तर सायकल उचलून नेलेली. रिकाम्या टोपल्या खांद्याला अडकवून ते घरी चालत आले आणि आईला म्हणाले, "पंक्चर झाली." आईने पंक्चरवाल्याचं नाव विचारलं तेव्हा खरं बाहेर आलं. मग दंड भरून सायकल सोडवून आणली.

मी मीटिंगमध्ये विषय काढला. फार काही मागितलं नाही. शेवटचा एक कोपरा गजांविना सोडा, ओझ्याच्या सायकली तिथे लागतील, एवढंच.

"आत्ताच मिळालंय, लगेच तक्रार केली तर आपलीच बदनामी."

"बहुसंख्यांचा विचार करावा लागतो."

मग सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, वाईट वाटून घेऊ नका, पण तुमच्या वडिलांचा प्रश्न आहे म्हणून तुम्ही एवढं लावून धरताय."

"हो, माझ्या वडिलांचा आहे. तुमचा होता तेव्हा त्याला आपण जनतेचा म्हणत होतो."

मास्तरांनी चहा मागवला. आमच्याकडे ठराव नापास झाल्याची हीच खूण.

मी पत्रक लिहिलं. संघटनेने नाव द्यायला नकार दिला, म्हणून बिननावाचं छापलं आणि स्वतः स्टेशनाबाहेर उभी राहून वाटलं. लोकांनी घेतलं. स्टँडातून सायकल काढताना बऱ्याच जणांनी त्याची घडी केली आणि सीट पुसली.

बाबांनी मला काहीच विचारलं नाही. ज्या वेल्डरने कड्या लावल्या होत्या त्याच्याकडेच ते सायकल घेऊन गेले आणि त्या कापून आणल्या. मग कॅरियरवर टोपलीवर टोपली रचली आणि रबरी पट्टीने आवळून बांधली. सायकल गजांमध्ये बरोबर बसली. बाजारात वरची टोपली विकली गेली. खालच्या टोपलीतला चाफा काळवंडला होता. चाफ्याला बोट जोरात लागलं तरी डाग पडतो, इथे तर अख्खी टोपली त्याच्या छातीवर बसली होती. नेहमीच्या गिऱ्हाइकाने एक फूल उचलून बाबांना दाखवलं आणि परत ठेवलं. बाबांनी पानं घालून बघितली, मध्ये फळी घालून बघितली, नुसती एकच टोपली नेऊन बघितली. एका टोपलीसाठी दादर परवडत नाही.

गणपतीच्या आधी एक दिवस टेम्पो आमच्या दारात थांबला. बाबांनी टोपल्या उचलून दिल्या. टेम्पोवाला ओळखीचा, चेष्टेखोर. म्हणाला, "काय अण्णा, शेवटी आलात ना लाइनीवर?" बाबा हसले. मला ते हसणं अजून सहन होत नाही.

आमच्याकडे खंडेनवमीला वाडीतली हत्यारं धुऊन ओटीवर मांडतात. कोयता, कुदळ, फावडं, पाण्याचा पंप, आणि टोकाला सायकल. हार करायचे आम्हीच, झेंडू घरचा. सायकलचा हार नेहमी सगळ्यांत जाड, कारण ती रोज घराबाहेर पडते, असं आई म्हणायची. त्या वर्षी बाबांनी सगळं मांडलं, हळदकुंकू लावलं आणि उदबत्तीला काडी ओढली. सायकल तिथे नव्हती. आईच्या हातात एक हार उरला.

"बाबा, सायकल राहिली," मी म्हणाले.

"कामाची हत्यारं पुजतात, बाय."

मी सायकल आणायला मागे जायला निघाले. त्यांनी पाठीमागून सांगितलं, "ती तू घे आता. तुझ्या स्टँडात बसते."

रागाने म्हणाले असते तर भांडता आलं असतं. त्यांनी ते अगदी सरळ, एखादी वस्तू द्यावी तसं म्हटलं आणि नारळ फोडायला वळले.

आता स्टेशनला जायला ती मीच वापरते. दांड्याची सायकल, मला उंच पडते, सीट पार खाली केली आहे. संघटनेत जात नाही. ज्या कोपऱ्यासाठी मी भांडले तिथले गज नंतर काढले गेले, पण मोटरसायकलींसाठी. सेक्रेटरींची तिथेच लागते. त्यांनी गिअरची सायकल स्टँड झाल्यावरच्या पहिल्या पावसाळ्यानंतर सोडली. पाठ दुखायची म्हणे. भेटले की विचारतात, "काय मॅडम, अजून सायकल? ग्रेट."

कापलेल्या कड्यांचे दोन खुंट कॅरियरला अजून आहेत, बोटाच्या पेराएवढे, धारेचे. गजांमध्ये सारताना ते शेजारच्या सायकलीला ओरखडा काढतात. स्टँडवाला कुरकुर करतो. "मॅडम, वो भी घिसवा लो ना. लोग चिल्लाते हैं."

चिल्लाऊ दे. मी घासून घेत नाही.