फ्लॅट ३०४ चे पाच शेरे

सोसायटीतले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. जिन्यात थांबून बोलता बोलता ते साठतात आणि मग कुणाच्या तरी लग्नाच्या पंगतीत बाहेर पडतात. आमच्या नेरूळच्या सोसायटीचे किस्से मात्र लेखी आहेत. मी सेक्रेटरी झालो तेव्हा ऑफिसचं कपाट माझ्या ताब्यात आलं. त्यात आधीच्या सेक्रेटरींची, म्हणजे परबकाकांची, नव्वदच्या दशकातली तक्रारवही निघाली. त्या वहीत फ्लॅट ३०४ च्या नावावर पाच शेरे आहेत.

३०४ मध्ये इराणहून आलेला रेझा, त्याची बायको मेहरी आणि सहा वर्षांची शिरीन राहायची. मी न्हावा शेव्याला क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात होतो आणि रेझा तिथेच इराणी जहाजांच्या इंजिनांचं बघायचा. फ्लॅट माझ्या मावसभावाचा, म्हणजे जबाबदारी माझी. अकरा महिन्यांचा करार एप्रिलच्या मध्याला संपत होता आणि पुढे राहायचं तर सोसायटीची एनओसी हवी होती. परबकाकांचा नियम सगळ्यांना पाठ होता. "तीन शेरे झाले की एनओसी नाय."

एनओसी नाही मिळाली तर मेहरी आणि शिरीन परत जाणार, रेझा कंपनीच्या गेस्ट हाउसमध्ये. मेहरीचं माहेर एका बंदराच्या गावी होतं, ते इराकबरोबरच्या लढाईत गेलं. त्यानंतर तिनं चार घरं बदलली. ती एकदा मला म्हणाली, "कदमभाई, मैं अब सामान नहीं बाँधेगी." त्या एका वाक्यानं माझा पुढचा महिना टेन्शनमध्ये गेला.

* * *

पहिला शेरा : 'गच्चीवर गालिचे धुतले. टाकी रिकामी.'

त्यांचं नवं वर्ष वसंतात, दिवसरात्र समान होतात त्या वेळी सुरू होतं. त्याआधी घर असं साफ करतात की आपली दिवाळीची साफसफाई म्हणजे नुसतं झटकणं वाटावं. मेहरीनं पडदे काढले, भिंती पुसल्या आणि दोन गालिचे गच्चीवर नेले. सिडकोचं पाणी तेव्हा सकाळी एक तास. साडेनऊला बी विंगमधले जोशी अंगाला साबण लावून नळाकडे बघत उभे होते.

परबकाका गच्चीवर गेले. गालिचा पांढराशुभ्र फेस सोडत होता आणि मेहरी त्यावर अनवाणी नाचल्यासारखी पाय देत होती.

"हे काय चाललंय?"

"नया साल, काका. पुराना मिट्टी नहीं चलेगा."

काकांनी तिथंच उभं राहून शेरा लिहिला. जोशी टॉवेल गुंडाळून मागून सांगत होते, "साबणाचा पण उल्लेख करा."

* * *

दुसरा : 'गेटच्या आत जाळ. स्कूटरी जवळ.'

आपली होळी होऊन आठवडा झाला होता. त्यांच्या वर्षातल्या शेवटच्या बुधवारच्या आदल्या संध्याकाळी ते लोक छोटे जाळ पेटवतात आणि त्यावरून उड्या मारतात. माझं पिवळेपण तू घे, तुझी लाली मला दे, असं आगीला सांगतात. आजारपण, मरगळ सगळं तिला देऊन टाकायचं.

रेझानं पार्किंगच्या कडेला वाळक्या फांद्यांचे तीन ढिगारे केले. आमची मुलं रांगेत उभी राहिली. शिरीननं उडी मारली, रेझानं मारली. मग संधिवाताच्या गोळ्या खाणारे जोशीही साडेसहाच्या उजेडात धोतर वर खोचून आले. मी त्यांना अडवत होतो तेवढ्यात परबकाका बादली घेऊन धावत आले.

"आमी पण होळी केली ना? ती मैदानात. गेटच्या आत नाय. पेट्रोल आहे तिथे, कदम, पेट्रोल!"

काका चिडलेले नव्हते, खरंच घाबरलेले होते, आणि खरं सांगायचं तर त्यांचं बरोबर होतं. आता एकच शेरा शिल्लक होता.

* * *

तिसऱ्या शेऱ्याला कारण झाल्या शेजारच्या ३०३ मधल्या शिंदेवहिनी.

नव्या वर्षासाठी मेहरीनं ताटात मसूर भिजवून ओल्या फडक्याखाली ठेवली होती. ती चार बोटं हिरवी वाढली पाहिजे, नव्या वर्षाच्या टेबलावर मांडायची असते. घरात ऊन येईना म्हणून तिनं ते ताट शिंद्यांच्या दारासमोरच्या उन्हात ठेवलं आणि ती शिरीनला घेऊन बाजारात गेली.

साताऱ्याकडच्या बाईच्या दारात कुणी मोड आलेली मसूर ठेवून गेलं तर ती काय करेल? संध्याकाळी वहिनींनी ताट घासून परत केलं. वर झणझणीत उसळ, कोथिंबीर आणि लिंबाची फोड.

मेहरी ताटाकडे बघत राहिली आणि रडायला लागली. वहिनी हादरल्या. माझ्याकडे धावत आल्या. "अवो भावजी, आमच्या दोघींच्या वाट्या रोज इकडनं तिकडं जात्यात. मला वाटलं माज्यासाठीच ठेवल्यात. वरसाचं नशीब शिजवलं की ओ मी!"

त्याच संध्याकाळी वहिनींनी अर्धा किलो मसूर भिजवली. एका ताटाचा भरवसा नको म्हणून विंगमधल्या सात घरांत सात ताटं वाटली. चौथ्या दिवशी सगळ्या कठड्यांवर हिरवी ताटं उन्हाला ठेवलेली होती. वहिनी दोनदोन तासांनी पाणी शिंपडत होत्या आणि ते पाणी खाली उभ्या परबकाकांच्या इस्त्रीच्या शर्टावर ठिबकत होतं.

'कठड्यावर ताटे. वरून पाणी. तिसरा.'

* * *

त्या वर्षी आपला पाडवा आणि त्यांचं नवं वर्ष एकाच दिवशी आलं. त्यांचं वर्ष दुपारी एक वाजून तेहतीस मिनिटांनी बदलणार होतं. मेहरीची आई म्हणायची, त्या क्षणी जे टेबलाशी एकत्र असतात ते वर्षभर एकत्र राहतात. आणि रेझा सकाळपासून जहाजावर अडकलेला.

पावणेबाराला जहाजाचा पंप दुरुस्त झाला. मी त्याला स्कूटरवर मागे बसवलं. उरणच्या रस्त्यावर कंटेनरच्या ट्रेलरांची रांग लागली होती. मी मातीतून, गटाराच्या कडेनं स्कूटर काढली. रेझा दर मिनिटाला माझ्या खांद्यावरून घड्याळ पुढे करायचा. जुईनगरच्या बाजूला वळायची गरज नव्हती, तरी गडबडीत मी वळलो आणि पाच मिनिटं घालवली. स्वतःवर इतका मी कधीच चिडलो नाही.

एक एकतीसला गेटात शिरलो तर परबकाका समोर. पाडव्याचं धोतर, हातात नोटीस.

"रेझासाहेब, तीन शेरे झाले. हे घ्या आणि सही करा."

"काका, दो मिनिट," रेझा म्हणाला. काका बाजूला होईनात. तेव्हा रेझानं त्यांचा हात धरला आणि त्यांना घेऊनच तिसऱ्या मजल्यापर्यंत जिना चढला. मी मागे.

टेबलावर सफरचंद, लसणाचा गड्डा, व्हिनेगरची वाटी, आरसा, काचेच्या बरणीत लाल मासा आणि मधोमध शिंदेवहिनींची हिरवीगार मसूर. रेडिओ खरखरत होता. मेहरीनं काही न विचारता काकांसाठी खुर्ची ओढली. काका लसणाकडे बघत बसले. रेडिओवर वर्ष बदलल्याच्या तोफेचा आवाज झाला, मेहरीनं शिरीनला आणि रेझाला मिठी मारली, मग टेबलावरचं एक रंगवलेलं अंडं काकांच्या हातात ठेवलं.

पाडव्याच्या दिवशी अंडं. काकांनी ते सदऱ्याच्या खिशात ठेवलं. दुसऱ्या खिशात नोटीस होती. ती त्यांनी दिली नाही, पण फाडलीही नाही.

* * *

दुसऱ्याच दिवशी फळ्यावर सूचना लागली : ३०४ च्या एनओसीबाबत सभा, पाडव्यापासून तेराव्या दिवशी, संध्याकाळी पाच.

मी काकांच्या घरी गेलो. "काका, नव्या वर्षाच्या तेराव्या दिवशी ते लोक अंधार पडेपर्यंत घरी थांबत नाहीत. अशुभ मानतात. ती मसुराची हिरवळ वाहत्या पाण्यात सोडायला जातात."

"ठाऊक आहे. मेहरीनं सांगितलंय मला."

"आणि तरी तीच तारीख?"

"तीच."

मी तिथून उठलो तो जिन्यात शिव्या घालतच. माणूस इतका कोता असेल असं वाटलं नव्हतं.

त्या दिवशी ते तिघं सकाळीच डबा घेऊन खाडीकडे गेले. पाच वाजता पार्किंगमध्ये सगळे जमले. दोनचार जण एनओसीच्या विरोधात हात वर करायच्या तयारीनंच आले होते. शिंदेवहिनी पदर खोचून पहिल्या खुर्चीवर बसल्या होत्या.

काकांनी वही उघडली. "भाडेकरू हजर आहेत?"

"नाहीत," मी म्हणालो.

"त्यांचं ऐकून घेतल्याशिवाय ठराव होत नाय." काकांनी चौथा शेरा लिहिला. 'भाडेकरू गैरहजर. सभा तहकूब.'

जोशींनी विचारलं, "मग तोपर्यंत?"

"ठराव होईपर्यंत आहे तसंच चालू."

"पुढची तारीख?"

"कळवू," असं म्हणून काकांनी वही मिटली.

अंधार पडताना ते तिघं चिखलाचे पाय घेऊन आले. काका गेटवरच होते. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "ओहोटीला सोडलंत ना? भरतीला सोडलं तर परत येतं."

* * *

पाचवा शेरा पुढच्या वर्षीचा, मार्चमधला. अक्षर परबकाकांचं, खाली सही.

'फ्लॅट ३०४. नवे वर्ष दहा दिवसांवर आले. मसूर अद्याप भिजत घातलेली नाही. गालिचे धुतलेले नाहीत. भाडेकरूंना समज द्यावी. उद्या सकाळी पाणी एक तास जादा सोडत आहे.'