चेन्नई ते बेव्हर्ली पार्क

बेव्हर्ली पार्कमधल्या आमच्या इमारतीत कोणी वारलं की आत्या सगळ्यात आधी पोचते. ती बाबांची मोठी बहीण, आमच्याकडेच राहते. आई-बाबा नोकरीला जायचे, त्यामुळे मला तिनेच वाढवलं. मयताच्या घरी ती रडत नाही. "कोणाची वाट बघायचीय का?" एवढंच विचारते. वाट बघायची नसेल तर खालच्या मजल्यावरचे गुजराती काका लगेच गाडी बोलावतात. ते फार घाई करतात, असं आत्याचं मत आहे.

मला चेन्नईला नोकरी मिळाली तेव्हा बाबा म्हणाले, "आत्याला विचार." नाही म्हणायचं काम त्यांना स्वतःकडे नको होतं.

मला जायचं होतं. वाद घालणं मला जमत नाही, म्हणून मी एका साइटवर अंतर बघून ठेवलं. आत्या मेथी निवडत होती. मी समोर बसून वाचून दाखवलं. मुंबई ते चेन्नई, विमानाने हजारेक किलोमीटर, साधारण दोन तास.

"हे कुठून कुठे?"

"एअरपोर्ट ते एअरपोर्ट."

"मी काय एअरपोर्टवर मरणारेय?"

याचं उत्तर साइटवर नव्हतं.

"मी सकाळी गेले असं धर. तू या घरात कधी शिरशील ते सांग."

मी तसं धरलं. तिकीट मिळायला हवं, तिथल्या एअरपोर्टला लवकर पोचायला हवं. इथे उतरल्यावर हायवे, दहिसर नाका, काशिमिरा. दुपारचा ट्रॅफिक धरायचा की संध्याकाळचा, यावर थोडी चर्चा झाली.

"संध्याकाळचा धर. माझं नशीब मला माहितीये."

संध्याकाळी एअरपोर्ट ते बेव्हर्ली पार्क हे जवळजवळ चेन्नई ते मुंबईइतकंच निघालं. सगळं मिळून आम्ही आठ तास धरले.

"आठ तास ठेवतात," आत्या म्हणाली. "चौथ्या मजल्यावर दुबईच्या मुलासाठी दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवलं होतं. आला नाही मेला."

"मी येईन."

"तू येशील गं. हा खालचा थांबायला हवा."

मेथी तशीच टाकून ती खाली गेली. मी मागोमाग जाऊन जिन्यात उभी राहिले. काकांनी दार उघडलं.

"भाईसाब, मेरे टाइम पे जल्दी मत करना. लड़की चेन्नई से आएगी. आठ घंटा लगता है."

काका घाबरले. "क्या हुआ बेन? तबियत ठीक नहीं?"

"अभी कुछ नहीं. पहले से बोल के रखती हूं."

"रुकेंगे ना. बरफ मंगवा लेंगे."

"और फोन इसके बाप को नहीं, इसको करना. वो रोते बैठेगा."

वर आलो तेव्हा बाबा दारातच होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"खाली सांगून आलीस?"

"आले."

बाबा दारातून बाजूला झाले. इमारतीत एकदा सांगितलेली गोष्ट आमच्याकडे परत घेत नाहीत. मी आत जाऊन कंपनीला होकार कळवला.