लिंबाखालचं पाणी

लातूर नवा जिल्हा झाला आणि कारकून असलेल्या माझ्या वडलांची बदली तिथल्या नव्या कचेरीत झाली. झालं, स्वारी हवेत! शहराबाहेरच्या वसाहतीत घर बांधलं. आल्यागेल्याला ते गच्चीवर नेऊन दाखवायचे: ती शाळा, तो दवाखाना, कोपऱ्यावर पिठाची गिरणी, बस तर पार दारात. समोर बागेसाठी राखलेली जागाही होती, तिथं आमच्या डोळ्यांदेखत बाभळी वाढल्या. नळ तेवढा कोरडा. तोटी फिरवली की फुस्स करून हवा यायची. दुष्काळच पडलेला, नळ तरी काय करणार.

या घरापायी औशाच्या वाटेवरचं आमचं रान विकलं गेलं. रानात कुसळ उगवत नव्हतं, म्हणून आई फारसं बोलली नाही. तिचं मागणं एकच होतं: बांधाजवळचा लिंब आणि त्याखालची थोडी जागा सोडून बाकीचं विका. माझी धाकटी बहीण तान्ही असतानाच गेली होती. आमच्यात माती देतात, तीही आपल्याच रानात. तिला त्या लिंबाखाली ठेवलं होतं, वर नुसते दगड. 'सांगितलं तर गिऱ्हाईक बिचकेल,' म्हणून वडलांनी तो विषयच काढला नाही. त्याचा राग मला अजून येतो.

वेळ अमावस्येला, आमच्या येळवशीला, लातूर ओस पडतं. सगळे रानात जेवायला जातात, आणि ज्याला रान नाही त्याला कुणीतरी बोलावतंच. आमचं रान घेणाऱ्यानं आम्हाला मोठ्या मनानं बोलावलं. आईनं आंबील आणि भज्जी नेली, आणि दरवर्षी लिंबाखाली ठेवायची तसा एक घास वेगळा बांधून घेतला. लिंब होता. दगड नव्हते. तिथं बोअर मारलेली, आणि तिला धो धो पाणी लागलेलं.

"अक्का, तुमच्या रानानं लाज राखली बगा," तो हरखून म्हणाला. "प्या की, लई गोड हाय."

त्या बिचाऱ्याला काय ठाऊक! आई म्हणाली, "तहान न्हाई." तो घास तिनं तसाच परत आणला आणि घरी आल्यावर मोरीत बसून रडली.

उन्हाळ्यात वसाहतीत टँकर सुरू झाला. घागरी, पिंपं, भांडणं, सगळं रस्त्यावर. वडील स्वतः पाइप धरून उभे होते. आईनं सहज ड्रायव्हरला विचारलं, "कुठलं आणलाव, बाबा?"

"औशाच्या वाटंचं. लिंबाखालची बोअर हाय न्हवं, तिचं."

आई भरती घागर तशीच सोडून आत गेली. वडील घागर उचलून मागोमाग आले आणि तांब्या भरून त्यांनी तिच्यापुढं धरला.

"पी. पाण्यावर कशाला राग काढायलीस?"

"राग न्हाई," आई म्हणाली. "लेकीच्या घरचं पाणी पीत नसतेत."

वडील उन्हातून आले होते, त्यांचाही घसा कोरडा होता. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि भिंतीला टेकून बसून राहिले.

टँकर पुढं पाऊस पडेपर्यंत येत राहिला. आई लांबच्या आडाचं मचूळ पाणी आणून प्यायची. वडील पिंप भरायचे ते आम्हा मुलांसाठी. स्वतः मात्र कचेरीतूनच पाणी पिऊन यायचे.