काकूच्या उडदाची मुळं

परवा सकाळी तिरुवैयारूला काकांच्या शेतावर गेले, आणि बांधावर उपटून टाकलेल्या उडदाचा ढीग दिसला...

आमच्याकडे भातकापणीच्या आधी उभ्या पिकातच उडीद फेकतात. भात निघालं की उरलेल्या ओलीवर तो वाढतो. यंदा एक कोपरा सोडला तर काकांचं सगळं रान पिवळं पडलं होतं. मुळांत शिरून गाठी करणाऱ्या सूत्रकृमीचं काम... नुसत्या डोळ्यांना तो दिसतही नाही.

संशोधन केंद्रात माझं कामच हे आहे. औषधांनी हा कृमी पुरता जात नाही, म्हणून ज्याच्या बियाण्यातच त्याला विरोध आहे असा वाण शोधायचा. कुंड्या भरते, मुळं धुते, आणि बहुतेक वेळा हाती काहीच लागत नाही.

काकांनी मोबाइलवर कुठेतरी पाहिलं होतं, गाठी दिसल्या की झाड उपटा. त्यांनी उपटली. कोपऱ्यातली हिरवीगार झाडंसुद्धा, कारण गाठी त्यांनाही होत्या.

तो कोपरा काकूच्या बियाण्याचा. दरवर्षी ती आपल्या हाताने निवडून ठेवायची... गेल्या वर्षी ती गेली. पुढच्या महिन्यात तिचं वर्षश्राद्ध आहे, आणि वडे तिच्याच उडदाचे करायचे, असं काकांनी मनाशी धरलं होतं.

मी ढिगातली मुळं बघत बसले. पिवळ्या झाडांचं मूळच सुजलेलं होतं. काकूच्या झाडांवरच्या गाठी मात्र वरवर चिकटलेल्या, नखाने अलगद निघाल्या, आत गुलाबी... त्या चांगल्या जिवाणूंच्या, झाडाला नत्र देणाऱ्या. रोगाची गाठ एकाही मुळावर नव्हती. त्याच मातीत, त्याच पाण्यावर.

काकांना ते सांगावंच लागलं. ते एक झाड उचलून मुळांची माती पंच्याने पुसत राहिले.

खालच्या काही शेंगा काळ्या पडल्या होत्या, तेवढ्यांत बी तयार झालेलं होतं. आम्ही दोघांनी बसून त्या सोलल्या. सगळे मिळून ओंजळभर दाणे.

एका शेतात मुळं स्वच्छ निघाली म्हणून काही सिद्ध होत नाही. मुद्दाम कृमी सोडलेल्या मातीत पेरून बघावं लागतं. पण हे दाणे मागायचे कोणत्या तोंडाने...

काकांनीच ते पंच्याच्या टोकात बांधून माझ्या हातात दिले.

"श्राद्धाला दुकानातले उडीद आणू, बाळ. वडे खाऊन ती जाईल... हे पेरलं तर राहील."

काल पेरले. खरं काय ते कळायला रोपं उपटून मुळं बघावीच लागतात, आजवर अशी कितीतरी उपटली. ह्यातली निम्मी मात्र मी हात न लावता वाढू देणार आहे... ती काकांची.